युसुफभाई टर्की मांडतात

शारजातल्या कोकणी मंडळींत लग्न ठरलं की आधी हॉल बुक होतो की आधी युसुफ होडेकर, हे सांगणं कठीण आहे. हॉल म्हणजे नुसत्या चार भिंती. त्यात माणसं कुठे आणि कशी बसणार हे युसुफभाई ठरवणार. बिर्याणीत मीठ कमी पडलं तर लोक आठवडाभर बोलतात, पण खुर्च्या चुकल्या तर दोन घरं जन्मभर बोलत नाहीत, असं त्यांचं मत आहे. नवऱ्याचा मामा एसीच्या थेट झोतात बसता कामा नये. नवरीच्या थोरल्या फुफूला, म्हणजे आत्याला, खांबामागची जागा मिळता कामा नये. आणि बायकांची बाजू व पुरुषांची बाजू यांच्यामध्ये अंतर असं पाहिजे की पलीकडून मारलेली हाक ऐकू यावी, पण हसणं ऐकू येऊ नये. हे अंतर मोजायला त्यांना कधी टेप लागत नाही. हॉलच्या दारात उभे राहतात, एक डोळा बारीक करतात आणि म्हणतात, "ही रांग एक हात मागे." रांग मागे जाते.

हा झाला शौक. पोटासाठी ते हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत सॅम्पल रूम सांभाळतात. ही कंपनी काय बनवते हे सांगितलं की नवा माणूस "काय?" असं पुन्हा विचारतोच. कंपनी रबरी टर्की बनवते.

अमेरिकेत टर्की हा रानातला पक्षी आहे. वसंतात त्याचे नर शेपटीचे पंखे उघडून माद्यांच्या शोधात हिंडतात. शिकारी झुडपाआड दडतो आणि समोरच्या माळावर दोन-तीन बनावट टर्की सळयांवर रोवून ठेवतो. खरा नर ही मंडळी बघून जवळ येतो आणि पुढचं शिकारी बघून घेतो. या बनावट पक्ष्यांना धंद्यात डिकॉय म्हणतात. साचा चीनचा, रंग जर्मनीचा, रंगवणारे केरळ आणि बिहारचे, मॅनेजर सांगलीचा आणि फसणारा अमेरिकन, असा तो सगळा कारभार आहे. त्यात युसुफभाईंचं काम असं की येणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर माल नीट मांडून दाखवायचा. ते वर्षानुवर्षं मांडत आलेत. या काळात त्यांनी जिवंत टर्की एकदाही पाहिलेली नव्हती. गळ्याला काहीतरी झालेली मोठी कोंबडी, अशी त्यांची साधारण कल्पना होती, आणि ती बदलण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत जनरल मॅनेजर हेमचंद्र साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे बातमी वाईट, हे फ्री झोनमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.

"युसुफभाई, अमेरिकन पार्टीची कम्प्लेंट आहे. आपला सेट लावला की नर येतो, लांब उभा राहतो, बघतो आणि निघून जातो."

"बघतो ना सर? म्हणजे माल दिसायला चांगला आहे."

"बघायला नकोय त्यांना. जवळ यायला हवाय." साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "त्यांचा इथला इन्स्पेक्शनचा माणूस येतोय, अर्श म्हणून. दुबईतच वाढलाय, शिकायला टेक्सासला होता, स्वतः शिकार करायचा तिकडे. आपण त्याला लाइव्ह डेमो देऊ. धैदच्या बाजूला एका फार्मवर टर्की आहेत. नवीन सेट तुम्ही निवडा. एक नर, दोन माद्या. आणि मांडायचाही तुम्हीच."

"सर, मी?"

"एवढी वर्षं तुम्हीच मांडताय. आणि हे बघा, तुमचं काँट्रॅक्ट पण संपत आलंय. ऑर्डर राहिली तर सॅम्पल रूम राहील. सॅम्पल रूम राहिली तर मी तुम्हाला दोन वर्षं रिन्यू करून देतो. नाहीतर..."

"खलास," युसुफभाई म्हणाले.

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही थांबलात सर. मी फक्त पूर्ण केलं."

विनोद केला खरा, पण पार्किंगमध्ये येऊन ते गाडी सुरू न करता बराच वेळ बसून राहिले. त्यांची मुलगी हिबा शारजातल्या युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकत होती आणि तिची दोन वर्षं शिल्लक होती. तिचा व्हिसा बापाच्या व्हिसाला बांधलेला, बापाचा नोकरीला, आणि नोकरी आता एका टर्कीच्या मर्जीला. रत्नागिरीजवळच्या साखरतरला घर होतं, समुद्र होता, माड होते. पण अर्धवट राहिलेली डिग्री तिथल्या कुठल्या माडावर टांगायची, हे त्यांना सुचेना.

त्यांनी सॅम्पल रूममधून निवडीसाठी काही पक्षी घेतले आणि शारजाच्या रोला भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणले. लिफ्टमध्ये शेजारचा मल्याळी म्हातारा होता. त्याने पक्ष्यांकडे पाहिलं, युसुफभाईंकडे पाहिलं आणि आपला मजला नसताना तो उतरला.

त्यांच्या बायकोने, हमीदाने, दार उघडलं. "अहो, हे काय?"

"ऑफिसचं काम आहे."

"ऑफिसचं काम माझ्या सोफ्यावर बसवू नका. नवीन कव्हर आहे."

जेवणं झाल्यावर निवड सुरू झाली. नरांत दोन प्रकार होते. एक भरदार, छाती फुगवलेला, शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला, दाढी जमिनीला टेकलेली. टर्कीला दाढी असते, आणि ती छातीवर असते; निसर्ग कुठे काय चिकटवील याचा नेम नाही. युसुफभाईंना तो बघताक्षणी पसंत पडला.

"असा पाहिजे मुलगा," ते म्हणाले. "नुसता आत आला तरी लोकांनी खुर्चीतून उठावं."

हिबा लॅपटॉपवर शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत होती. शारजात जन्मलेली मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच बाहेर पडतं. "अब्बा, दॅट्स द प्रॉब्लेम. ही इज टू बिग. रियल वन विल जस्ट गेट स्केअर्ड."

"घाबरेल? मग कोण पाहिजे त्याला?"

"समवन ही थिंक्स ही कॅन बीट." तिने दुसऱ्या नराकडे बोट दाखवलं. "हिम."

हा दुसरा म्हणजे वयात येणारा नर. धंद्यात त्याला जेक म्हणतात. मान बारीक, शेपटी अर्धीच उघडलेली, आणि चेहऱ्यावर पहिल्या इंटरव्ह्यूला आल्यासारखा भाव.

"हा?" युसुफभाईंना धक्काच बसला. "याला मी ग्रुप फोटोतसुद्धा मागच्या रांगेत उभा करीन."

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा अगदी असेच दिसत होतात," हमीदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

जेक पसंत झाला. माद्या निवडायला वेळ लागला नाही. मान ताठ, नजर समोर, चेहऱ्यावर कसलाही उतावीळपणा नाही, अशा दोन घरंदाज माद्या युसुफभाईंनी बाजूला काढल्या. मग तिघांनाही त्यांनी लाकडी फर्निचरचं पॉलिश लावून असं चकचकीत केलं की हमीदाने जाता जाता एकीच्या पाठीत बघून ओढणी नीट केली.

डेमोच्या आधीच्या शुक्रवारी ते रंगीत तालमीसाठी एकटेच धैदच्या फार्मवर गेले. तिथला रखवालदार जहूर पेशावरचा होता. त्याने टर्कीच्या पिंजऱ्यातला सर्वात मोठा नर दाखवला. त्याचं नाव नवाब.

नवाबाने युसुफभाईंना पाहिलं आणि पंख जमिनीला घासत एक संथ फेरी घातली. डोकं आधी लाल होतं, मग निळं झालं, मग वरून पांढरं पडलं. एकाच चेहऱ्यावर एवढे रंग त्यांनी फक्त नवरीच्या बापाच्या पाहिले होते, तेही हॉलचं बिल आल्यावर. मग त्याने मान पुढे काढून असा काही घशातून गुरगुळाट केला की युसुफभाईंच्या तोंडून आपोआप "वालेकुम सलाम" निघालं.

मग त्यांनी मांडणी केली. खजुराच्या सावलीत दोन माद्या, एकमेकींजवळ, बोलत बसल्यासारख्या. जेक पार दुसऱ्या टोकाला, फाटकाकडे तोंड करून, आल्यागेल्याच्या स्वागताला. मधलं अंतर त्यांनी एक डोळा बारीक करून ठरवलं, आणि मग एका मादीला अजून एक हात मागे सरकवलं.

नवाबाला सोडलं. तो चार पावलं पुढे आला, उन्हात झळाळणारी ती मंडळी त्याने पाहिली आणि पाण्याच्या टाकीमागे पळाला.

"चाचा, ये तो शीशे की तरह चमक रहे हैं," जहूर म्हणाला. "परिंदा है, शादी में थोड़ी आया है।"

युसुफभाईंनी खिन्न मनाने पॉलिश धुतलं. वर ओली माती चोळली आणि पुन्हा पुसली. तिघेही आता रंग उडालेल्या सरकारी इमारतीसारखे दिसू लागले. नवाबाला पुन्हा सोडलं. या वेळी तो पळाला नाही. त्याने माद्यांकडे पाहिलं, पंखा उघडून थोडा वेळ उभा राहिला. जेककडे पाहिलं. जेक आपल्या जागी, आपल्या मर्यादेत. नवाबाने पंखा मिटला आणि मका वेचायला गेला.

"लड़का बड़ा शरीफ़ है आपका," जहूर म्हणाला.

"निवडच तशी केली आहे," युसुफभाई म्हणाले, आणि गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही स्तुती नव्हती. पण मग चुकलं कुठे? पक्षी बदलला, पॉलिश काढलं. घरी जाईपर्यंत त्यांनी सगळा दोष नवाबाच्या भरल्या पोटावर टाकला. जहूरला फोन करून त्यांनी सांगितलं, डेमोच्या सकाळी त्याला मका देऊ नकोस. पोट आणि प्रेम यांचा गोंधळ पुष्कळ माणसं करतात, त्यांनी पक्ष्याच्या बाबतीत केला.

डेमोच्या सकाळी हेमचंद्र साहेब झाडापानांच्या नक्षीची टोपी घालून आले. धैदच्या पिवळ्या वाळूत ती टोपी कुठूनही ओळखू येत होती. अर्श साध्या टी-शर्टमध्ये होता, मितभाषी, डोळ्याला दुर्बीण. मोठ्या जाळीच्या आडोशाला तिघे बसले आणि जहूरने पिंजऱ्याचं दार उघडलं.

उपाशी नवाब बाहेर आला. माद्या दिसताच त्याने पंखा उघडला, गुरगुळाट केला, डोकं लाल-निळं केलं. हेमचंद्र साहेबांनी युसुफभाईंचं मनगट पकडलं. नवाब थोडा पुढे आला. थांबला. बघत राहिला. आणि बघता बघता त्याचं लक्ष उडालं, पंखा मिटला आणि तो वाळूत काहीतरी टोचू लागला.

अर्शने दुर्बीण खाली केली. "सेम प्रॉब्लेम, सर. एक्झॅक्टली सेम."

"फार्मचा पक्षी आहे," हेमचंद्र म्हणाले. "जंगली असता तर..."

"जंगली तो इतना पास भी नहीं आता।" अर्शने घड्याळ पाहिलं. "वन मोर ट्राय. देन आय हॅव टू लीव्ह."

हेमचंद्र साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एखाद्याच्या मयतीला आलेला माणूस ठेवतो तशी. युसुफभाईंना ती टोपी बघवेना.

"मला थोडा वेळ द्या," ते म्हणाले आणि उठून माळावर गेले.

ते आपल्या मांडणीच्या मधोमध उभे राहिले. डावीकडे माद्या, उजवीकडे जेक, मध्ये मोकळी जागा. कुणी येऊन एक चूक काढून दाखवावी. पलीकडे नवाब त्यांच्याकडे पाठ करून वाळू उकरत होता, आणि ती पाठ त्यांना कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. हो. हॉलमध्ये जेवण झाल्यावर खुर्चीत पसरलेले मामा लोक. निकाह लागो, फोटोवाला हाका मारो, नवरीची पाठवणी होवो, ते उठत नाहीत. युसुफभाईंनी आयुष्यात त्यांना उठताना फक्त एकदा पाहिलं होतं. दुबईत अल मनखूलच्या एका लग्नात नवऱ्याचा दोस्त मोबाइल चार्ज करायच्या निमित्ताने खुर्ची उचलून बायकांच्या बाजूला गेला आणि नवरीच्या बहिणीशेजारी बसला. सगळे मामा एकदम उठले होते. एकाच्या हातात पायासूपचा वाडगा होता, तो तसाच हातात घेऊन तो उठला. त्या पोराला बाहेर काढेपर्यंत हॉलमध्ये एकही पुरुष बसलेला नव्हता. तो दिवस युसुफभाईंच्या कारकिर्दीवरचा डाग होता; त्याचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

त्यांनी जेककडे पाहिलं. मग माद्यांकडे. मग जाळीच्या दिशेने, जिथे मांडीवर टोपी घेतलेला माणूस बसला होता आणि त्याच्या खिशात हिबाची दोन वर्षं होती.

हात पुढे होईना. उभ्या आयुष्यात त्यांनी जे होऊ दिलं नव्हतं ते आता स्वतःच्या हातांनी करायचं होतं, आणि तेही सकाळी, भर उन्हात, दोन माणसं जाळीआडून बघत असताना. ते "तौबा, तौबा" म्हणत वाकले, जेकची सळई वाळूतून उपटली आणि त्याला घेऊन पलीकडे गेले. एका मादीच्या मागे त्यांनी त्याला रोवला. एक हात अंतर राहिलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि तेही मिटवलं. जेकची छाती मादीच्या पाठीला टेकली. पोरगा अशा वेळी रस्त्याकडे तोंड करून उभा नको, म्हणून त्याचं तोंड त्यांनी फाटकाकडून जाळीकडे वळवलं. मग दुसऱ्या मादीची त्यांना दया आली. तिची मान त्यांनी हलकेच दुसरीकडे फिरवली, म्हणजे तिला काही दिसायला नको. आणि मागे वळून न बघता ते झपाझप जाळीकडे आले.

"चाचा ने तो कमाल कर दिया," जहूर पिंजऱ्याजवळून ओरडला. युसुफभाईंचे कान लाल झाले.

नवाबाने मान वर केली. क्षणभर त्याचा विश्वास बसला नसावा. मग त्याच्या डोक्यावरून लाल, निळा, पांढरा असे सगळे रंग इतक्या भराभर गेले की ट्रॅफिक सिग्नल बिघडल्यासारखं वाटलं. त्याने आवाज केला नाही, पंखाही पुरता उघडला नाही. तो पळत सुटला. थेट माळ ओलांडून, वाळू उडवत, जेकला वळसा घालून तो त्याच्या समोर येऊन उभा राहिला, तोंडासमोर तोंड, जाळीपासून एवढा जवळ की त्याचा श्वास ऐकू यावा. आणि मग त्याने जेकला धुतला. पंखाने मारला, पायाने मारला, सळईवरून पाडला आणि पडल्यावर वर उभा राहून परत मारला.

"ओह येस," अर्श म्हणत होता. मोबाइलवर तो सगळं टिपत होता आणि त्याचा मितभाषीपणा पार गेला होता. "येस, येस! जेक का मुँह अपनी तरफ! वो घूम के सामने आएगा ही! अंकल, आपको किसने सिखाया?"

"फंक्शन्स," युसुफभाई म्हणाले.

अर्शला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. टेक्सासमधले लोकसुद्धा असं काहीतरी गूढ बोलतात, असं त्याला वाटलं असावं. तिकडे रात्र असली तरी त्याने तिथल्या तिथे पार्टीला फोन लावला. मागचा सगळा माल ठीक होता, फक्त बॉक्सवर मांडणी चुकीची छापली जात होती, एवढं त्याने तिकडे पटवलं. ऑर्डर राहिली. हेमचंद्र साहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "युसुफभाई, दोन वर्षं. मी आजच एचआरला सांगतो. पण एक आहे. यांना प्रत्येक बॉक्ससोबत मांडणीचा व्हिडिओ पाहिजे. तो तुम्हीच करायचा. आत्ता केलंत तसं, सावकाश, स्टेप बाय स्टेप."

"व्हिडिओ कुठे जाणार, सर?"

"यूट्यूबवर. सगळीकडे."

युसुफभाईंच्या डोळ्यांपुढे कोकणी जमातीचा व्हॉट्सॲप ग्रुप तरळून गेला. त्यात मामा होते. सगळे मामा.

"चेहरा नाही दाखवायचा," ते म्हणाले. "फक्त हात."

"चालेल."

"आणि माझं नाव नको."

"बरं बाबा, नाही टाकत."

"आणि ती दुसरी मादी, तिचं तोंड तिकडेच ठेवणार मी. त्यात बदल नाही."

अर्श म्हणाला, त्यामुळे नराला काही फरक पडत नाही, अंकलला ठीक वाटत असेल तर तसंच राहू दे. अमेरिकेत आता तो सेट विकला जातो, आणि त्याच्या व्हिडिओत दोन सावळे, नीटनेटके हात दिसतात. जेकला मादीजवळ नेताना शेवटच्या हातभर अंतरावर ते थबकतात. शिकारी लोकांना ती सूचनाच वाटते, आणि तेही तिथे क्षणभर थांबतात.

पण ते नंतरचं. त्या सकाळी युसुफभाई गाडीत बसले, एसी सुरू केला आणि घरी फोन लावला.

"दोन वर्षं मिळाली," ते म्हणाले.

हमीदाने पलीकडे हिबाला हाक मारून सांगितल्याचं ऐकू आलं, हिबाची किंकाळी ऐकू आली, आणि मग हमीदा परत फोनवर आली. तिचा आवाज ओला होता.

"अल्लाचा शुक्र आहे. कसं जमवलंत हो?"

युसुफभाईंनी आरसा बघून गाडी मागे घेतली.

"घरी येऊन सांगतो," ते म्हणाले. "हिबा झोपल्यावर."